कोरड्या हवेतली ठिणगी : सभासद बंधूंनी घ्यावयाची काळजी



ऊस विकास खात्याचा लेख म्हटला की बेणे, खोडवा, पाचट, ठिबक यांपैकी काहीतरी असणार अशी आपली समजूत असते, आणि ती बरोबरही आहे. आज मात्र विषय वेगळा निवडला आहे. त्याला कारण माझ्याच घरी घडलेली एक गोष्ट आहे. ती सांगायला मला फारसे बरे वाटत नाही, पण सांगितल्यावाचून हा लेख लिहिता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना. पूर्वहंगामी उसाची बाळबांधणी करायची होती. सुट्टीचा दिवस म्हणून मी गावी गेलो होतो. धाकटा भाऊ पॉवर वीडरमध्ये पेट्रोल भरायला निघाला. यंत्र रात्रभर बंद होते, म्हणजे इंजिन थंडगार. भाऊ विडी ओढत नाही. जवळ चूल नव्हती, विजेची तार नव्हती. दहाचा सुमार होता, ऊन चांगले तापू लागले होते. भावाने अंगातले नायलॉनचे जाकीट डोक्यावरून ओढून काढले, ते चटचट वाजलेले मी ऐकले. पायात रबरी चप्पल, खाली प्लॅस्टिकची ताडपत्री. एका हातात पेट्रोलचा प्लॅस्टिकचा डबा. टाकीचे झाकण उघडून त्याने थोडे पेट्रोल ओतले आणि दुसरा हात टाकीच्या तोंडाला लावला. 'टक्' असा आवाज आला आणि टाकीच्या तोंडावर निळसर पिवळी ज्योत उभी राहिली. घाबरून त्याने हातातला डबा झटकला. पेट्रोल पायावर सांडले आणि पायाने पेट घेतला.

तीन आठवडे तो दवाखान्यात होता. मांडीची कातडी काढून पोटरीवर लावावी लागली. आजही थंडीत तो पाय आखडतो. गावात लोक म्हणाले, "विडी पेटवली असंल, दुसरं काय!" पण विडी नव्हती. नंतर मी विचार केला, पुस्तके उघडली, जाणत्या माणसांना विचारले. अंगावर साठलेल्या विजेखेरीज दुसरे कारण सापडत नाही. आणि बंधूंनो, ती ताडपत्री मीच अंथरली होती. डबा मातीत ठेवला तर चिखल लागेल, म्हणून.

मी कृषी पदविकाधारक आहे. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग मीही केला होता. पण तीच वीज आपल्या शेतात पेट्रोलच्या डब्याशेजारी उभी असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. ते आपणांस सांगावे एवढाच या लेखाचा हेतू.

हा चटका येतो कुठून?

हंगामात गटात फिरताना दरवर्षी एक तक्रार ऐकू येते. "साहेब, मोटारसायकलवरून उतरलो आन् हात लावला की चटका बसतुया." "खुर्चीवरून उठून कपाटाला हात लावला तर बोटातून ठिणगी उडाली, बघा." टेरिकॉटचा सदरा, नायलॉनची साडी, लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो. जुनी माणसे सांगतात, पौषाच्या रात्री अंधारात घोंगडी झटकली की बारीक ठिणग्या दिसायच्या. हे सारे एकच आहे. शास्त्रात याला स्थिर विद्युत म्हणतात.

दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासल्या आणि दूर झाल्या की एकीवरचे थोडे विद्युतकण दुसरीवर जातात. एकीवर धन भार राहतो, दुसरीवर ऋण. हे बारा महिने चालूच असते. पावसाळ्यात ते आपल्याला कळत नाही, कारण ओलसर हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरावरून हा भार हळूच वाहून जमिनीत मुरतो. हवा कोरडी झाली की हा मार्ग बंद होतो. भार साठत राहतो आणि लोखंडासारखी वस्तू जवळ आली की एकदम उडी मारतो. ती उडी म्हणजेच ठिणगी. उन्हाळ्याअखेर वळवाच्या ढगातून कोसळणारी वीज ही याच गोष्टीचे राक्षसी रूप होय.

आपल्याला चटका जाणवतो तेव्हा अंगावरचा दाब साधारण ३००० व्होल्टच्या पुढे गेलेला असतो. आकडा ऐकून छाती दडपेल. पण भार अगदी किंचित असतो, म्हणून माणूस मरत नाही. उंच टाकीवरून एकच थेंब पडावा तसे हे आहे. उंची मोठी, पाणी थेंबभर. तेवढ्या थेंबाने आपले काही बिघडत नाही. पण खाली पेट्रोलची वाफ असेल तर?

येथेच खरी मेख आहे. ठिणगीची ऊर्जा मिलिज्यूल या मापाने मोजतात. आपल्याला चटका जाणवायला साधारण १ मिलिज्यूल लागते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर तिला पेटायला याच्या चौथ्या हिश्श्याएवढी ऊर्जा पुरते. म्हणजे जी ठिणगी आपल्या बोटाला कळतसुद्धा नाही, तीही पेट्रोलला पुरेशी असते. "चटका बसला नाही, म्हणजे धोका नाही" हा हिशेब चुकीचा आहे.

थंडी नव्हे, कोरडेपणा

लोक म्हणतात, हा थंडीचा प्रकार. ते अर्धेच खरे आहे. दोष थंडीचा नसून कोरड्या हवेचा आहे. आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर, समुद्रापासून लांब. परतीचा पाऊस संपला की हवेतला ओलावा झपाट्याने उतरतो. हिवाळ्यात पहाटे दव पडते, तेव्हा हवा ओलसर असते आणि चटके बसत नाहीत. ऊन चढले की तीच हवा कोरडी होते. म्हणून दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंतचा वेळ जपायचा. फेब्रुवारी ते एप्रिलची दुपार तर डिसेंबरपेक्षाही कोरडी असते. स्वेटर कपाटात गेला म्हणून धोका संपला असे समजू नये.

शेजारच्या सोलापूरच्या कापड गिरण्यांत आपल्या भागातली पुष्कळ माणसे कामाला असत. हवा कोरडी झाली की सूत तुटते, तंतू उडतात, धागे एकमेकांना चिकटतात किंवा फाकतात. म्हणून कापड गिरण्यांत पाण्याचा बारीक फवारा सोडून हवा मुद्दाम दमट ठेवण्याची पद्धत आहे. कापडाला हा उपाय चालतो. साखरेला चालत नाही, ते पुढे पाहू.

चटका आणि करंट यांतला फरक

हा मुद्दा सर्वांनी, विशेषतः विहिरीवर मोटार असणाऱ्यांनी, ध्यानात धरावा. स्थिर विजेचा चटका एकदाच बसतो. सुई टोचल्यासारखा, क्षणभर. त्याच वस्तूला लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही, कारण साठा संपलेला असतो.

पण स्टार्टरच्या पेटीला, मोटारीच्या पाइपला किंवा कडबाकुट्टीच्या सांगाड्याला हात लावला की प्रत्येक वेळी झिणझिण्या येत असतील, पाय ओले असताना त्या वाढत असतील, तर ती स्थिर वीज नव्हे. तो लाइनचा करंट उतरलेला आहे आणि तो जीव घेतो. "थंडीत बसतोच की चटका" म्हणून दुर्लक्ष करू नका. हात लावून परीक्षा तर मुळीच करू नका. मेन स्विच बंद करा, वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी सोडण्याचे काम आपण पावसाळ्यानंतर विसरतो. जमीन वाळली की अर्थिंगही कमजोर होते.

शेतावर पेट्रोल हाताळताना

आता पॉवर वीडर, फवारणी पंप, गवत कापायचे यंत्र अशी पेट्रोलवर चालणारी यंत्रे पुष्कळ घरी आली आहेत. डिझेलची सवय असलेला माणूस पेट्रोलही तसेच हाताळतो. डिझेलची वाफ पेटण्याजोगी व्हायला ३५ अंशांहून अधिक उष्णता लागते. पेट्रोलची वाफ मात्र आपल्याकडच्या कितीही थंडीत तयारच असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) डबा नेहमी मोकळ्या जमिनीवर ठेवून भरावा. पंपावर गेल्यावर डबा मोटारसायकलवर, जीपमध्ये, ट्रॉलीतल्या ताडपत्रीवर किंवा हातात अधांतरी धरून भरू नये. खाली उतरवावा आणि नळीचे लोखंडी तोंड डब्याच्या तोंडाला टेकवून ठेवावे.

२) डबा शक्यतो धातूचा, घट्ट झाकणाचा असावा. पाणी-तेलाचे जुने प्लॅस्टिकचे कॅन पेट्रोलला वापरू नयेत. प्लॅस्टिकवर साठलेला भार जमिनीला जोडूनही सहजी जात नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, पण तेही कायद्याने सांगितलेल्या बंद भांड्यातच.

३) झाकण उघडण्याआधी, टाकीपासून दूर, उघड्या हाताने यंत्राच्या लोखंडी भागाला किंवा ओल्या जमिनीला स्पर्श करावा. अंगावर जे काही साठले असेल ते वाफ नसलेल्या जागी निघून जाईल. हे दोन सेकंदांचे काम आहे.

४) पेट्रोल भरताना स्वेटर-जाकीट घालू किंवा काढू नये. सुती कपडे उत्तम. रबरी चपलेपेक्षा अनवाणी पाय या एका कामापुरते बरे.

५) उंचावरून धार सोडू नये. पेट्रोल स्वतः वाहताना, फेसाळताना भार धरते. टाकीच्या कडेला टेकवून हळू ओतावे. नरसाळे धातूचे असावे आणि ते टाकीला टेकलेले असावे.

६) एवढे करूनही ज्योत दिसलीच तर डबा फेकू नये. फेकलेला डबा आग अंगावर घेऊन येतो. आहे तिथेच सोडून मागे सरावे, माती किंवा वाळू टाकावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, आग पसरते. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती गोधडीने विझवावे. भाजलेल्या जागी साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. शाई, हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नये आणि तडक दवाखाना गाठावा.

साखर घरातली बारीक धूळ

आता आपल्या कारखान्याकडे येऊ. सभासद कारखाना पाहायला येतात तेव्हा गव्हाण, मिल, बॉयलर हे सर्व डोळे भरून पाहतात. साखर घरात आले की म्हणतात, "इथं काय भ्यायचं? साखर तर हाय." पण साखर जळते, हे काकवी करपवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खडीसाखरेचा खडा सहजी पेटत नाही. तीच साखर पिठासारखी बारीक होऊन हवेत उडाली, जागा बंदिस्त असली आणि ठिणगी मिळाली, तर क्षणात भडका होतो.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ येथे इंपीरियल शुगर कंपनीच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असाच स्फोट झाला. १४ कामगारांचा बळी गेला. साखरेच्या गोदामांखालून जाणाऱ्या पट्ट्याला चहूबाजूंनी पत्रे लावून बंद केले होते. आत धूळ कोंडली आणि पहिला स्फोट तिथे झाला. त्याच्या हादऱ्याने इमारतीच्या तुळयांवर, जमिनीवर वर्षानुवर्षे साठलेली धूळ उसळली आणि पुढचे स्फोट त्या धुळीने केले. चौकशीअंती असे मत झाले की पहिली ठिणगी बहुधा तापलेल्या बेअरिंगची होती, स्थिर विजेची नव्हे. पण धडा तोच. ठिणगी कुठूनही येऊ शकते. दारूगोळा मात्र साचलेली धूळ होती, आणि ती झाडता आली असती.

साखरेच्या धुळीला पेटायला पेट्रोलच्या वाफेपेक्षा कितीतरी पट जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे माणसाच्या बोटातली ठिणगी तिला सहसा पुरत नाही. पण लोखंडी हॉपर किंवा एलेव्हेटरचा सांगाडा अर्थिंगपासून तुटलेला असेल तर त्यावर माणसापेक्षा पुष्कळ मोठा भार साठतो. रबरी पट्टा दिवसरात्र त्याला घासत असतो, कोरडी साखर त्यावरून वाहत असते. दुरुस्तीत एखादा जोड उघडला, मध्ये रबराचा गॅस्केट बसवला आणि तांब्याची पट्टी पुन्हा जोडायची राहिली, की तो तुकडा जमिनीपासून वेगळा पडतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

गिरणीप्रमाणे इथे पाण्याचा फवारा का सोडू नये, असे कोणी विचारील. साखर ओलावा ओढते, तिचे ढेकूळ होते, पोती वाया जातात. सुकवणे हेच त्या खात्याचे काम. म्हणून साखर घराला दोनच उपाय उरतात. प्रत्येक लोखंडी भाग एकमेकांना आणि जमिनीला जोडलेला असणे, आणि धूळ साचू न देणे. जोडणी सलग असेल तर मापात १० ओहमच्या आत यावी. जास्त भरली तर कुठेतरी जोड सैल झाला किंवा गंजला असे समजावे. धूळ झाडताना हवेच्या नळीने उडवू नये. उडवलेली धूळ हीच स्फोटक असते. ती हलक्या हाताने, रोजच्या रोज गोळा करावी.

पोत्यांचेही असेच. तागाच्या पोत्यात ओलावा मुरतो, म्हणून त्यावर भार टिकत नाही. प्लॅस्टिकच्या विणीची पोती आल्यापासून पॅकिंगवरच्या हमाल बांधवांना चटके जास्त बसू लागले. १९८७ च्या कायद्यामुळे साखरेचा काही हिस्सा तागातच भरावा लागतो. तो नियम ताग उत्पादकांसाठी आहे, पण ताग हे साखर घराला सोसणारे कापड आहे हेही खरे.

डिस्टिलरी आणि टँकर

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण वाढत गेले आणि २०२२ मध्ये ते प्रमाण देशात १० टक्क्यांवर पोचले, पुढे त्याहून वाढले. त्यामुळे ज्या कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली आहे तिथे टँकरची वर्दळ असते. आपल्यापैकी कित्येकांची मुले या टँकरवर किंवा डिस्टिलरीत कामाला आहेत. त्यांना हा भाग वाचून दाखवावा.

इथेनॉलची वाफ साधारण १३-१४ अंशांनाच पेटण्याजोगी होते. आपल्याकडे थंडीतही दुपारचे तापमान त्याच्या बरेच वर असते. तिला पेटवायला लागणारी ठिणगीही पेट्रोलइतकीच लहान. टँकर रबरी चाकांवर उभा, म्हणजे जमिनीपासून तुटलेला. पूर्वी टँकरमागे साखळी लोंबत असे. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्या साखळीचा भरवसा नसतो. म्हणून नियम असा : आधी अर्थिंगची क्लिप टँकरच्या उघड्या लोखंडाला लावायची, रंगावर नव्हे. मग झाकण, मग नळी. भरणे सुरू करताना नळीचे तोंड तळापर्यंत न्यायचे आणि ते बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा. भरून झाल्यावर थोडा वेळ थांबून मगच मोजपट्टी आत सोडायची. सगळे बंद झाल्यावर क्लिप सर्वांत शेवटी काढायची. आधी जोडायची, शेवटी सोडायची, हा क्रम ड्रायव्हर घाईत असला तरी बदलायचा नाही. वजनकाट्यावर पाच मिनिटे गेली तर जातील.

शेवटी एवढेच

बंधूंनो, या सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर, ज्याची मातीशी जोड तुटली त्याच्यावर वीज साठते. माझ्या भावाची जोड एका ताडपत्रीने तोडली होती. डबा मातीत ठेवला असता, त्याने आधी यंत्राच्या दांड्याला हात टेकवला असता, तर तो पाय आज धड असता. त्या दिवशी डब्याला लागू नये म्हणून मी टाळलेला चिखलच आमच्या उपयोगाचा होता.

माझी विनंती आहे की या हंगामात प्रत्येक सभासदाने घरातल्या पेट्रोलच्या डब्याची जागा एकदा पाहून घ्यावी आणि वरच्या सहा सूचना घरच्या पोरांना वाचून दाखवाव्यात. गटातले आमचे कर्मचारी ऊस नोंदीला येतील तेव्हा शंका जरूर विचाराव्यात. मीही फेरीवर असतोच. भावाचा पाय दाखवायला तो स्वतः तयार आहे. "माझ्याकडं बघून एक जण तरी डबा खाली ठेवील," असे तो म्हणतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी